आधी वाडग्याचं बूड बघ, मग निळ्या रंगावर लिही

प्रश्न विट्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती कला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सांगलीत एका सिरॅमिक कलाकाराच्या ग्लेझ केलेल्या, म्हणजे वर काचेसारखा थर चढवलेल्या, भांड्यांचं प्रदर्शन तिने पाहिलं आणि त्यातल्या एका वाडग्यावर रसग्रहण लिहिलं. सुरुवात अशी: "हा निळसर हिरवा रंग समुद्राची अथांगता सुचवतो आणि मनाला शांत करतो." सरांनी वही परत देताना म्हटलं, "हे वाक्य निळ्या साडीवरही चालेल. यात वाडगा कुठे आहे?" तिने मला तीन गोष्टी विचारल्यात. भांड्याबद्दल लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं? बाहेरून ओघळलेलं ग्लेझ आणि अंगावरची बारीक रेघांची जाळी हे दोष धरायचे का? आणि रंग भट्टीत आपोआप येत असेल तर कलाकाराचं श्रेय किती?

तुझ्या सरांचं म्हणणं रास्त आहे. पण तू पाठवलेल्या मजकुरात अगदी खाली एक वाक्य आहे, ते मला फार आवडलं: "ग्लेझ बुडाच्या एक बोट वर येऊन थांबलंय आणि तिथे त्याची जाड कड झालीय." हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. समुद्राची अथांगता तू पाहिली नाहीस, ती कुठेतरी वाचलेली आहे. तुझं रसग्रहण त्या बोटभर जागेपासून सुरू व्हायला हवं. का, ते सांगते.

मी मिरजेजवळ गॅसच्या भट्टीवर स्टोनवेअरचं, म्हणजे जास्त उष्णतेला भाजलेल्या घट्ट भांड्यांचं, काम करते. भट्टी १२५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की भांड्यावरचं ग्लेझ खरोखर द्रव झालेलं असतं आणि उतारावरून खाली सरकत असतं. ते बुडापर्यंत आलं तर वाडगा भट्टीतल्या शेल्फला चिकटतो. मग छिन्नी-हातोडी घ्यावी लागते, आणि बरेचदा वाडगा हातात येतो पण बूड शेल्फवरच राहतं. म्हणून ग्लेझच्या बादलीत भांडं बुडवून काढल्यावर खालचा भाग ओल्या स्पंजने पुसून घेतात, किंवा आधीच मेण लावून ठेवतात, म्हणजे तिथे ग्लेझ धरतच नाही. किती वर पुसायचं हे ज्याने त्याने आपल्या ग्लेझची चाल ओळखून ठरवायचं. कमी पुसलं तर शेल्फ जातो. फार पुसलं तर वाडगा उघडाबोडका दिसतो. तू पाहिलेली जाड कड म्हणजे सरकत आलेलं ग्लेझ थंड होताना जिथे थिजलं ती जागा. त्या कलाकाराला ग्लेझ किती जाड लावायचं, भट्टी किती वर न्यायची आणि तिथे किती वेळ धरून ठेवायची, हे सगळं ठाऊक होतं म्हणून ते एक बोट वर थांबलं. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कडेवरच आहे.

ग्लेझला रंग समजून पाहिलं की घोटाळा होतो. ते भांड्यावर वितळवून बसवलेली काच आहे. तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात ओगलेवाडीला प्रभाकर कंदील आणि त्यांच्या काचा बनायच्या. त्या काचेतही मूळ माल सिलिकाच, म्हणजे वाळूतला मुख्य घटक. पण शुद्ध सिलिका वितळायला साधारण १७०० अंश लागतात आणि तेवढी उष्णता आमच्या कुठल्याच भट्टीत नसते. म्हणून फेल्स्पार हे खनिज, खडू, झिंक ऑक्साइड किंवा बोरॉन असलेलं फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, घालून ती कमी उष्णतेला वितळवतात. एवढ्यावर भागत नाही. नुसतं वितळणारं मिश्रण उभ्या भिंतीवरून वाहून जाईल, म्हणून चिनी माती घालतात. तिच्यातलं अॅल्युमिना ग्लेझला घट्ट धरून ठेवतं. रंग यानंतर येतो आणि तो चिमटीत मावेल एवढा असतो. कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ते एक टक्का घातलं तरी गडद निळा मिळतो.

आता तुझा "निळसर हिरवा". हा रंग किमान तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतो. एक, ग्लेझमध्ये एक-दोन टक्के लोह घालून भट्टीला हवा कमी द्यायची. आगीला ऑक्सिजन कमी पडला की ती तो ऑक्साइडमधून ओढून घेते आणि एरवी पिवळट तपकिरी दिसणारं लोह निळसर हिरवं होतं. याला सेलाडॉन म्हणतात. दुसरी वाट तांब्याची. सोडा-पोटॅश जास्त असलेल्या ग्लेझमध्ये, भरपूर हवेच्या भट्टीत तांबं फिरोजी रंग देतं. तेच तांबं कमी हवेच्या भट्टीत लालभडक होऊ शकतं. तिसरी वाट मला सगळ्यांत मोहक वाटते. चुन नावाच्या जुन्या चिनी ग्लेझमध्ये निळं असं काहीच घातलेलं नसतं. वितळलेल्या काचेत काचेचेच अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला दुधाळ निळाई दिसते. भारतात सिरॅमिक कलाकार निर्मला पटवर्धन यांनी ग्लेझवर आयुष्यभर काम केलं. चुनसारखी ग्लेझं इथल्या मालातून बसवायची म्हणजे किती चिकाटी लागते, हे त्यांच्या पिढीकडे पाहून कळतं.

म्हणून भांड्याशेजारची छोटी पट्टी वाचत जा. "स्टोनवेअर, रिडक्शन" असं लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. रिडक्शन म्हणजे हीच कमी हवेची भट्टी. पट्टी नसेल तर कलाकाराला विचार. फक्त "प्रेरणा कुठून मिळाली?" असं विचारू नकोस, त्याला सगळे एकच ठरलेलं उत्तर देतात. "हा वाडगा भट्टीत वर होता की खाली?", "भट्टी कितीला थांबवली?", "हे ग्लेझ एकदाच बुडवलंय की दोनदा?" असं विचार. माणूस खुलतो आणि तुझ्या वहीत खरा मजकूर येतो.

वाडगा हातात घ्यायची परवानगी मिळाली तर दोन्ही हातांत घे आणि दिव्याखालून बाजूला, खिडकीपाशी जा. प्रदर्शनातले वरचे दिवे ग्लेझवर पांढरे ठिपके पाडतात, खालचं काही दिसू देत नाहीत. खिडकीच्या उजेडात वाडगा हळूहळू फिरव. आधी ओठ बघ, म्हणजे वरची कड. तिथे ग्लेझ जवळजवळ नेहमी पातळ असतं, कारण वितळल्यावर ते टोकाच्या कडेवरून दोन्ही बाजूंना ओसरतं. माती लोहाची असेल तर त्या पातळ जागेतून ती तपकिरी दिसते. पुष्कळ जण कलाकाराने मुद्दाम तपकिरी रेघ ओढली असं समजतात. रेघ आगीने ओढलेली असते, पण तिथे ती येणार हे कलाकाराला माहीत असतं आणि त्या हिशेबाने तो ओठ बारीक ठेवायचा की गोल, ते ठरवतो.

मग आत बघ. चाकावर भांडं वर ओढताना बोटांच्या फिरत्या खाचा उमटतात. काही जण त्या पट्टीने गुळगुळीत करून टाकतात, काही ठेवतात. ठेवल्या असतील तर ग्लेझ खाचेत साचून गडद होतं आणि उंचवट्यावर फिकं पडतं. याचा अर्थ नीट लक्षात घे. रंगाचा गडद-फिकेपणा तुला कलाकाराच्या बोटाचा प्रवास दाखवत असतो. खाचा तळाकडे जवळजवळ आणि वर जाताना विरळ असतील तर हात वर जाताना वेग घेत होता. एखाद्या ठिकाणी खाच अडखळली असेल तर तिथे हात थांबला किंवा माती आखडली. अशी एक जागा सापडली तरी दोन परिच्छेदांचा ऐवज मिळतो. तुझ्या वाडग्यात तळाशी रंग साचलाय असं तू म्हणतेस. तिथे ग्लेझची जाडी जास्त आहे, उजेड आत शिरून बाहेर यायला जास्त अंतर कापतो, म्हणून ती जागा खोल वाटते. तुला आलेली शांतता बहुधा तिथूनच आली. मग तसं लिही की.

यानंतर उलटा कर. बुडाची कडी वाडग्याला किती उचलते, तिथली उघडी माती खरबरीत आहे की घासून मऊ केलीय, ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा आहेत का, ते बघ. मग नखाने हलकेच वाजव. बाजारात माठसुद्धा आपण वाजवूनच घेतो. नीट भाजलेलं स्टोनवेअर खणखणीत वाजतं आणि आरपार चीर असेल तर आवाज बद्द येतो. शेवटी वजन. डोळ्यांनी हलका वाटलेला वाडगा हातात जड लागला तर बहुतेक वेळा माती बुडाजवळ राहून गेलेली असते. हे लिहायला तुला कोणाची परवानगी नको.

आता जाळीचा प्रश्न. थंड होताना माती आणि ग्लेझ दोन्ही आकसतात. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर ते ताणलं जातं आणि त्याला बारीक चिरा जातात. या चिरा फक्त काचेच्या थरात असतात. भांडं उतावीळपणे भट्टीतून काढलं तर मातीसकट फुटतं, ते वेगळं. मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं आकारमान ५७३ अंशांजवळ एकदम बदलतं, म्हणून भट्टी लवकर उघडू नये असं आम्ही नवशिक्यांना बजावत असतो.

ही जाळी दोष की गुण, हे भांडं कशासाठी आहे त्यावर ठरतं. चीनमध्ये सोंग राजघराण्याच्या काळात अशी जाळी मुद्दाम आणायचे, तिची वाखाणणी व्हायची, आणि आजही काही कलाकार त्या रेघांत शाई किंवा चहाचा कोरा काढा मुरवून त्या उठावदार करतात. फुलदाणीवर ती शोभते. पण ज्या वाडग्यात दही लावायचं किंवा आमटी वाढायची, त्याच्या आतल्या बाजूला जाळी असेल तर मी ती उणीवच धरते. रेघांत अन्नाचा अंश राहतो, डाग मुरतात आणि भांड्याची ताकदही घटते. तुझ्या वाडग्यावर जाळी फक्त बाहेर आहे की आतही, ते तू लिहिलेलं नाहीस. तोच खरा मुद्दा आहे. बाहेर जाळी आणि आत सलग ग्लेझ असेल तर कलाकाराने दोन वेगळी ग्लेझं वापरलीत आणि विचार करून वापरलीत.

ओघळाचंही तसंच. आपल्याकडच्या स्टुडिओ पॉटरीत, म्हणजे कलाकारांनी स्वतः घडवलेल्या भांड्यांत, ओघळ, उघडी माती, थोडा वाकडा ओठ यांना जो मान आहे, त्यामागे जपानचा हात मोठा आहे. तिथे सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चहासाठी राकू वाडगे घडू लागले. हाताने वळलेले, जरा ओबडधोबड, आणि तसेच सुंदर मानलेले. भारतीय सिरॅमिक कलाकार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, तिथली दृष्टी घेऊन परतले आणि दिल्लीत त्यांनी काम उभं केलं. पुढे १९७१ मध्ये पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकलेली माणसं देशभर पसरली. तेव्हा तू पाहिलेल्या ओघळाला एक परंपरा आहे. पण परंपरा आहे म्हणून प्रत्येक ओघळ चांगला ठरत नाही. मी तीन गोष्टी बघते. तो आकाराच्या उतारासोबत जातो का? वेळेत थांबलाय का, की बूड घासून त्याला मागाहून थांबवलंय? आणि त्याच ग्लेझच्या शेजारच्या भांड्यांवर तो साधारण तशाच ठिकाणी आहे का? तिन्ही उत्तरं होकारार्थी आली तर तो कलाकाराच्या हुकमात आहे. एकाच भांड्यावर आणि भलत्याच ठिकाणी आला असेल तर तो निसटलेला आहे. तरीही भांडं सुंदर असू शकतं, पण मग ते तसं म्हणून लिहायचं.

श्रेयाचं उरलेलं निम्मं उत्तर. भट्टीचं दार बंद झाल्यावर कलाकाराच्या हातात फार थोडं उरतं, हे खरं. पण दार बंद होण्याआधी त्याने कुठली माती, किती जाडीचं ग्लेझ, कुठल्यावर कुठलं, भांडं आगीच्या जवळ की लांब, हे सगळं ठरवलेलं असतं. एकेका ग्लेझसाठी लहान लहान चकत्या भाजून बघाव्या लागतात. एकच घटक एकेक टक्क्याने वाढवत न्यायचा, प्रत्येक चकतीच्या मागे आकडा घालायचा आणि वहीत नोंद ठेवायची. स्टुडिओत गेलीस तर भिंतीवर टांगलेल्या त्या चकत्या बघ, भांड्यांपेक्षा त्यांच्यासमोर जास्त वेळ थांब. भट्टी उघडल्यावर काय ठेवायचं आणि काय फोडायचं हा निर्णयही त्याचाच. प्रदर्शनात जे मांडलंय ते निवडून मांडलंय. म्हणून "भट्टीची किमया" हे शब्द रसग्रहणात आले की मला वाईट वाटतं. त्यात माणसाची सगळी मेहनत एका फटक्यात पुसली जाते.

सराव करायला पुन्हा प्रदर्शन गाठायची गरज नाही. घरी फळीवर लोणच्याचा चिनी मातीचा सट असेल, वर तपकिरी आणि खाली पांढरट. तो रिकामा असेल तेव्हा उलटा करून बघ. बुडाला ग्लेझ नसेल. झाकण जिथे टेकतं ती कडही बहुधा उघडी असेल, नाहीतर भट्टीत दोन थर एकमेकांना चिकटले असते. आतून मात्र ग्लेझ सलग, कारण मीठ आणि आंबट दोन्ही आत वर्षभर बसणार. त्याच्या शेजारी पाण्याचा माठ ठेव. माठाला ग्लेझ नाही आणि नसायलाच हवं. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. आपल्या कुंभारांनी माठाला काच चढवली नाही याचं कारण माठाच्या कामात आहे. ज्यांना ग्लेझ म्हणजे पुढची पायरी वाटते त्यांनी चैत्रातल्या दुपारी त्या माठातलं पाणी प्यावं.

तू विट्याची, म्हणून आणखी एक. कलाकार "स्थानिक माल वापरला" म्हणाला तर कुठला, ते विचार. आपल्या भागातला काळा दगड बेसाल्ट आहे. क्रशरवरची त्याची भुकटी बारीक चाळून, थोडा फेल्स्पार आणि खडू घालून भाजली तर तपकिरी ते काळं सुंदर ग्लेझ होतं, कारण त्यात लोहाचं ऑक्साइड १० टक्क्यांहून जास्त असतं. साखर कारखान्यातली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख मात्र लाकडाच्या राखेसारखी वागत नाही. तिच्यात सिलिका फार, ती स्वतः वितळत नाही, तिला वितळवणाऱ्या दुसऱ्या मालाची सोबत लागते. आणि काळ्या रानातली माती भांड्याला एकटी कधीच चालत नाही. ती वाळताना भयंकर आकसते, आणि तिच्यातला चुनखडीचा एखादा खडा राहिला तर भाजल्यावर त्याचा कळीचा चुना होतो. हवेतला ओलावा लागला की तो फुगतो आणि काही दिवसांनी, भांडं फळीवर असताना, वरचा टवका उडवतो. या मातीतून कोणी वाडगा काढला असेल तर त्यामागे किती गाळणं-चाळणं आहे हे तुला आता कळेल, आणि ते तुझ्या लिहिण्यात यायला हवं.

वापराच्या भांड्याबद्दल लिहिताना एक सावधगिरी. कमी उष्णतेच्या जुन्या ग्लेझमध्ये शिसं वापरायचे आणि आंबट पदार्थात ते उतरतं. तांबं फार घातलेलं ग्लेझही लिंबू-चिंचेला नेहमी टिकत नाही. "हा वाडगा रोजच्या जेवणात छान दिसेल" असं लिहिण्याआधी कलाकाराला विचारून घे.

तुझा परिच्छेद मी लिहिला असता तर साधारण असा. उतरवून घेऊ नकोस, फक्त रीत बघ:

"वाडगा हातात घेतल्यावर आधी बोटांना बुडाची उघडी माती लागते, वाळूसारखी खरबरीत. बोटभर वर ग्लेझची जाड कड आहे, ती गार आणि गुळगुळीत लागते. बाहेर रंग फिका, ओठावर तर माती तपकिरी डोकावते. आत पाहिलं की बोटांच्या खाचा तळाकडे दाट होत जातात आणि रंगही त्यांच्यासोबत दाटतो. शेवटी विहिरीत वाकून पाहावं तसं नजर खाली जाते आणि तिथे थांबते. बाहेरचा ओघळ एकाच बाजूला लांबलाय. तो मला खटकला, कारण वाडग्याचा बाकीचा तोल फार सांभाळलेला आहे."

यात आवडलं तेही आहे आणि खटकलं तेही, आणि दोन्हींची जागा बोटाने दाखवता येते. मोठ्या कलाकाराबद्दल खटकलेलं कसं लिहायचं, अशी भीती तुझ्या प्रश्नात मला जाणवली. लिही. कारण दाखवलंस की कोणी रागावत नाही. उलट, नुसती स्तुती वाचून आम्हा लोकांना काहीच मिळत नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर हल्ली ग्लेझ इतकं झगमगीत असतं की खालचा आकार दिसतच नाही, आणि आकार कच्चा असला तर तो लपवायलाही ते उपयोगी पडतं. तुझ्या वाडग्यात तसं आहे की नाही, हे उजेडात धरून त्याची फक्त बाहेरची रेघ कागदावर काढून बघ. रेघ पाहावीशी वाटली तर आकार पक्का आहे.

फोटो काढणार असशील तर फ्लॅश नको. बाजूचा उजेड घे, एक फोटो ओठाचा, एक आतल्या तळाचा आणि एक बुडाचा, बुडाशेजारी मोजपट्टी ठेवून. कलाकाराला विचारूनच काढ. पुन्हा लिहून झालं की सरांना दाखवण्याआधी मला पाठवलंस तरी चालेल, पण त्यात आतली जाळी आहे की नाही ते आधी लिही.